‘रिस्क कशाला घ्यायची?’

आमच्या सेंटरमध्ये एक्स-रेच्या खोलीच्या दारावर पाटी आहे: गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, तर आधी सांगा. कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. 2024 च्या कायद्यानं कर्नाटकात पाट्यांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं, उरलेल्या जागेत इंग्रजी बसतं. आणि निपाणीत त्या दारापाशी उभ्या राहणाऱ्या बहुतेक बायका घरात मराठी बोलतात. तरुण पोरी शाळेत कन्नड शिकलेल्या असतात, त्यांना वाचता येतं. पण वाचता येणाऱ्यांपैकीही कुणी पाटी वाचून आपणहून तोंड उघडलेलं मला फारसं आठवत नाही. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर आमच्या भागात माणसांची आयुष्यं खर्ची पडली. पाटीवर लिहिलेलं कुणी मनावर घेत नाही, याबाबत मात्र दोन्ही भाषांचं एकमत आहे.

म्हणून विचारावं लागतं. ‘पाळी कधी आली होती?’

मी एक्स-रे टेक्निशियन. बेळगावात शिकले, लग्न होऊन निपाणीत आले, आणि तेव्हापासून हेच काम. हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. बाई एकटी क्वचितच येते. सोबत सासू असते, दीर असतो, कधी गावातला रिक्षावाला असतो आणि तोही काउंटरशी येऊन उभा राहतो. तिथं विचारलं की सासूच उत्तर देते, ‘न्हाई ओ, तसलं काय न्हाई.’ लग्न न झालेल्या मुलीला विचारलं तर तिची आई माझ्याकडे अशी बघते, की मी तिच्या पोरीवर आळच घेतलाय.

शिवाय आमच्या बाजूला दिवस गेल्याचं पहिले तीन महिने बाहेर फोडत नाहीत. दृष्ट लागते म्हणतात. त्या काळात गर्भ पडण्याचं प्रमाण खरंच जास्त असतं, त्यामुळे प्रथेत थोडं शहाणपणही आहे. पण किरणांच्या हिशेबात नेमके हेच आठवडे नाजूक. गर्भ राहिल्यावर पहिले दोन आठवडे ‘सगळं किंवा काहीच नाही’ असा प्रकार असतो: मोठा मारा बसला तर गर्भ टिकत नाही, टिकला तर नीट वाढतो. दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात अवयव घडतात. आठव्या ते पंधराव्या आठवड्यात मेंदूची घडण जोरात असते. हिरोशिमा-नागासाकीत बॉम्ब पडला तेव्हा जी मुलं आईच्या पोटात होती, त्यांच्या वर्षानुवर्षांच्या पाहणीतून हे कळलं. मतिमंदत्वाचं प्रमाण या आठवड्यांतल्या मुलांमध्ये सर्वांत जास्त निघालं. म्हणजे जे अजून सासूलाही सांगितलेलं नाही, ते एका अनोळखी टेक्निशियन बाईला सांगायचं.

मी बाईला एकटीला आत घेते, दार लावते आणि हळू विचारते, ‘अक्का, दिवस चुकल्यात काय?’ मग उत्तर येतं. कधी हसत, कधी डोळ्यांत पाणी आणून, पण येतं. मला प्रश्न पडतो तो वेगळाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘कमरेच्या मणक्याचा एक्स-रे, समोरून आणि बाजूनं’ एवढंच लिहिलेलं असतं. शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना छापलेला असतो आणि तो रिकामा असतो. जो फोटो लिहून देतो त्यानं विचारलेलं नसतं. आणि ज्यानं विचारलेलं नसतं, तोच पुढं सगळ्यात जास्त घाबरतो.

चिक्कोडीकडची एक बाई आली होती. कंबर धरली म्हणून तिनं दुसरीकडे कुठंतरी मणक्याचे दोन फोटो काढले होते. नंतर कळलं, की तेव्हा ती दीड महिन्याची गरोदर होती. लग्नाला बरीच वर्षं झालेली आणि ही पहिलीच खेप. ती ज्यांना दाखवत होती त्या डॉक्टरांनी फोटोची तारीख बघितली, बोटांवर आठवडे मोजले आणि म्हणाले, ‘रिस्क कशाला घ्यायची? खाली करून घ्या. वय आहे तुमचं, परत राहील.’ ती आमच्याकडे स्कॅनिंगला आली ती गर्भ नक्की किती आठवड्यांचा आहे ते बघायला, म्हणजे पुढचं उरकायला बरं. आमच्याकडे सोनोग्राफीला सगळे स्कॅनिंगच म्हणतात. पोटावर जेल लावताना तिनं विचारलं, ‘ह्यात पण करंट असतोय काय ओ?’

नसतो. सोनोग्राफीत आवाजाच्या लहरी असतात, एमआरआयमध्ये चुंबक. दोन्हींत एक्स-रेसारखी किरणं नाहीत. आमचे रेडिओलॉजिस्ट सर जुन्या वळणाचे, फार बोलत नाहीत. त्यांनी तिला एवढंच विचारलं, ‘तुला किती डोस बसला ते सांगितलं कुणी?’ ती म्हणाली, ‘कसला डोस? मी फोटोच काढलाय न्हवं?’

तो आकडा कुणी काढलाच नव्हता. न मोजताच निकाल लागला होता.

शरीरात किती किरणं मुरली तो डोस, आणि तो मिलिग्रेमध्ये मोजतात. पोटातल्या बाळाला नऊ महिन्यांत माती, दगड, हवा आणि आभाळ यांच्याकडून आपसूकच अर्धा ते एक मिलिग्रे मिळतो. तो कुणाला चुकत नाही. आईच्या छातीच्या फोटोत बाळापर्यंत पोचतो तो जास्तीत जास्त 0.01 मिलिग्रे, बऱ्याचदा त्याहूनही कितीतरी कमी. डोक्याच्या सीटी स्कॅनमध्येही साधारण तेवढाच, कारण यंत्राचा झोत बाळापासून लांब असतो. पोटाच्या साध्या एक्स-रेत 0.1 ते 3, कमरेच्या मणक्याच्या फोटोंत 1 ते 10. खरा मोठा आकडा पोटाच्या आणि ओटीपोटाच्या सीटीचा. तिथं तो 10, 20, 35 होतो, कधी 50 च्या जवळ जातो. आणि 50 मिलिग्रेच्या खाली बाळात व्यंग येण्याचं किंवा गर्भ पडण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलेलं नाही. आंतरराष्ट्रीय किरणोत्सर्ग संरक्षण आयोगानं 2000 साली गरोदरपणातल्या एक्स-रेवर वेगळी पुस्तिकाच काढली. 100 मिलिग्रेच्या खालचा डोस हे गर्भपाताचं कारण होऊ शकत नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय.

त्या बाईचा डोस, वाईटात वाईट धरला तरी, 10 च्या आसपास.

सरांनी हे कागदावर लिहून दिलं आणि तिच्या डॉक्टरांना फोनही केला. मी पलीकडच्या टेबलावर होते. पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही, पण सरांनी फोन ठेवला तो जरा आपटूनच. तिच्या घरच्यांनी शेवटी काय ठरवलं ते मला ठाऊक नाही. ती परत आमच्याकडे आली नाही, आणि असल्या बाबतीत कुणाच्या घरी फोन करून विचारता येत नाही.

धोका शून्य आहे असं मी म्हणत नाहीये. तसं म्हणणाऱ्यांनी एक जुनी हकिकत वाचावी. 1950 च्या दशकात ऑक्सफर्डमध्ये ॲलिस स्ट्यूअर्ट नावाच्या डॉक्टर होत्या. लहान मुलांमध्ये रक्ताचा कर्करोग वाढताना दिसत होता आणि कारण कळत नव्हतं. त्यांनी ठरवलं की मुलांच्या आयांनाच विचारायचं. कॅन्सरनं मूल गेलेल्या आया आणि ज्यांची मुलं धडधाकट आहेत अशा आया, दोघींना तेच प्रश्न. गरोदरपणी काय खाल्लं, कसला आजार झाला, पोटाचा एक्स-रे काढला होता का. या कामाला त्यांना हजार पौंड मिळाले ते लेडी टाटा स्मृतिनिधीतून. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई 1931 मध्ये रक्ताच्या कर्करोगानं गेल्या, त्यांच्या नावानं पुढच्याच वर्षी हा निधी उभा राहिला होता. या मेहेरबाई म्हणजे होमी भाभांच्या सख्ख्या आत्या. भाच्यानं इकडं देशाचा अणुकार्यक्रम उभा केला आणि आत्याच्या नावच्या पैशातून तिकडं किरणांचा धोका उघड झाला. मला कामावर किती किरणं बसतात ते टिपणारा बॅज माझ्या छातीवर लटकतो, त्यामागची मोजणीची यंत्रणा भाभांच्या नावच्याच संस्थेतून उभी राहिली, त्यामुळे मला या घराण्याबद्दल जरा जास्तच उत्सुकता आहे.

स्ट्यूअर्टबाईंचा पहिला अहवाल 1956 चा, सविस्तर 1958 चा. पोटात असताना ज्यांचा एक्स-रे निघाला, अशा मुलांत कॅन्सरनं जाण्याचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं. त्या वेळी बाळंतपणाआधी कटिभागाचं माप घ्यायला सर्रास एक्स-रे काढत, आणि डॉक्टरांनी हे मानलंच नाही. आयांच्या आठवणीवर काय विश्वास ठेवायचा, म्हणाले. मूल गेलेली आई कारण शोधतच असते, तिला जास्त आठवणार. 1962 मध्ये अमेरिकेत ब्रायन मॅकमॅहन यांनी आयांना न विचारता हॉस्पिटलच्या नोंदीच तपासल्या, तरी प्रमाण सुमारे 40 टक्क्यांनी जास्त निघालं. आयांना बरोबर आठवत होतं.

आता 40 टक्के हा आकडा नुसता ऐकला तर कुणाच्याही पोटात गोळा येईल. पण कशाच्या 40 टक्के? वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत कॅन्सर होण्याची शक्यता मुळातच साधारण 500 मुलांत एकाची. 10 मिलिग्रे डोस बसला तर त्यात भर पडते ती साधारण 1700 मुलांमागे एका मुलाची. लहान आहे, पण आहे. म्हणूनच विनाकारण फोटो काढायचा नाही, आणि काढायचाच तर जेवढी जागा हवी तेवढ्यावरच झोत ठेवायचा. पण 1700 मध्ये एकाच्या भीतीनं उरलेल्या 1699 बाळांवर पाणी सोडायला सांगणं, याला सावधपणा म्हणायला माझी जीभ वळत नाही.

एक योगायोग सांगायचा मोह आवरत नाही. स्ट्यूअर्टबाईंचा सविस्तर लेख छापून आला तो जून 1958 मध्ये. त्याच जूनमध्ये ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठी आणि गर्भ आवाजाच्या लहरींनी बघता येतात हे दाखवलं. एका महिन्यात एक दार बंद होत आलं आणि दुसरं उघडलं. कटिभागाचे ते एक्स-रे आज इतिहासजमा झालेत.

तेव्हा डॉक्टर पुरेसे घाबरत नव्हते. आज गरोदर बाईच्या बाबतीत नको तितके घाबरतात. हे फक्त आमच्या भागातल्या साध्या दवाखान्यांचं नाही, नाहीतर लोक लगेच म्हणतील, गावाकडचे डॉक्टर ते. 2004 मध्ये कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात फॅमिली डॉक्टरांना आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारलं गेलं, की गरोदरपणाच्या सुरुवातीला पोटाचा सीटी झाला तर व्यंगाचा धोका किती. फॅमिली डॉक्टरांपैकी 61 टक्क्यांनी तो पाच टक्के किंवा त्याहून जास्त सांगितला. स्त्रीरोगतज्ज्ञांतही 34 टक्के तेच म्हणाले. सीटीनंतर गर्भपाताचा सल्ला देऊ असं म्हणणारे फॅमिली डॉक्टरांत 6 टक्के आणि तज्ज्ञांत 5 टक्के. शंभरातल्या पाच-सहा डॉक्टरांच्या खुर्चीसमोर वर्षभरात किती बायका बसत असतील, तो हिशेब ज्याचा त्यानं करावा. त्याच्या आदल्याच वर्षी ब्रिटनमध्ये 130 डॉक्टरांना रोजच्या तपासण्यांचे डोस विचारले होते. तिथं उलटंच निघालं: जवळपास सगळ्यांनी डोस खऱ्यापेक्षा कमी सांगितले, आणि सोनोग्राफीत किरणं असतात असं समजणारेही त्यात सहाजण होते. माझ्या टेबलावरच्या बाईनं विचारलं त्यात मग काय नवल!

म्हणजे एरवी साध्या डोकेदुखीला सहज सीटी लिहायचा, आणि गरोदर बाई समोर आली की छातीच्या फोटोलाही हात लावायचा नाही. दोन्हीकडे आकडा माहीत नसणं हेच मूळ.

याच भीतीचं मोठं रूप 1986 मध्ये दिसलं होतं. चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, आणि हजार मैल लांब ग्रीसमध्ये डॉक्टरांनीच गरोदर बायकांना घाबरवलं. तिथल्या संशोधकांनी पुढच्या वर्षी अंदाज मांडला तो असा: सुरुवातीच्या महिन्यांतल्या 23 टक्के गर्भधारणा, म्हणजे 2500 च्या आसपास, हव्या असूनही पाडल्या गेल्या. लोकांना बसलेला डोस एक मिलिसिव्हर्टपेक्षाही कमी होता (एक्स-रेच्या हिशेबात मिलिसिव्हर्ट म्हणजे जवळपास मिलिग्रेच).

डॉक्टरांची बाजू मला कळते. मी रोज त्यांच्यात वावरते. शंभर बाळांत तीनएक बाळं काहीतरी जन्मजात व्यंग घेऊन येतात, एक्स-रे काढा अगर न काढा. साताठ गर्भधारणांत एखादी आपसूक पडते. त्यातली एखादी जर नेमकी फोटो काढलेल्या बाईची निघाली, तर दवाखान्याच्या काचा फुटतात, ग्राहक न्यायालयात खेचतात. ‘मी तर आधीच सांगितलं होतं’ असं म्हणायची सोय ठेवणं हे माणसाला सुचणारच. शिकतानाही रेडिओलॉजी त्यांच्या वाट्याला थोडकी येते. मिलिग्रे परीक्षेपुरता पाठ होतो आणि मग विसरला जातो. हे सगळं मान्य. पण ‘रिस्क कशाला घ्यायची’ म्हणताना रिस्क नाहीशी होत नाही, ती फक्त खुर्चीच्या पलीकडच्या बाईकडे सरकते. गर्भपाताचीही रिस्क असते. इतक्या वर्षांनी राहिलेला गर्भ पुन्हा न राहण्याची असते. त्यातलं काही चिठ्ठीवर लिहिलं जात नाही.

न काढलेल्या फोटोचंही असंच असतं, आणि त्याचा हिशेब तर कुणीच मागत नाही. निपाणी म्हणजे तंबाखू. घराघरांत सुपात तंबाखू आणि पानं घेऊन बायका विड्या वळत बसायच्या, अजूनही काहीजणी वळतात. खोकला त्यांच्या पाचवीला पुजलेला, त्यामुळे कुणाला त्याचं काही वाटत नाही. अशीच एक, पाचवा महिना लागलेली, संध्याकाळचा बारीक ताप आणि वजन वाढायच्या ऐवजी उतरलेलं. दोन ठिकाणी दाखवून झालेलं. दोन्हीकडे औषधाची बाटली आणि एकच वाक्य: ‘फोटो बाळंतपणानंतर काढू, आत्ता नको.’ थुंकी तपासायचंही राहून गेलं, कारण एकदा ‘नंतर’ म्हटलं की सगळंच नंतर होतं. ती आमच्याकडे आली तेव्हा तिच्या तायी कार्डावर, म्हणजे गरोदरपणाच्या सरकारी कार्डावर, दर महिन्याचं वजन लिहिलेलं होतं. नुसता तो रकाना वरून खाली वाचला असता तरी कळलं असतं. फोटोत दोन्ही फुप्फुसांचा वरचा भाग खराब. टीबी. त्यावरच्या मुख्य गोळ्या गरोदरपणातही देतात, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. उपचार न झालेला टीबी आईला आणि बाळाला काय करू शकतो, आणि 0.01 मिलिग्रे काय करू शकतो, याची तुलनाच होत नाही. सासू सोबत होती. ती म्हणाली, ‘आधीच काढायचा हुता की ओ मग.’ तिला काय उत्तर द्यायचं?

तवंदी घाटात गाड्या आदळतात तेव्हा मात्र कुणी वाद घालत नाही, हे बरं. हायवेवरून आणलेली गरोदर बाई, पोटाला मार, बीपी उतरलेला. तिथं सीटी लागला तर लागला. आई वाचली तरच बाळ वाचणार, हे रात्री दोन वाजता सगळ्यांना आपोआप कळतं.

लोकांना, आणि डॉक्टरांनाही, धीर येतो तो शिशाच्या एप्रननं. ‘पोटावर एप्रन घातला होता ना?’ हा पहिला प्रश्न. आता त्याबद्दलही मत बदललंय. छातीच्या किंवा डोक्याच्या तपासणीत बाळापर्यंत जे काही पोचतं ते बहुतेक आईच्या शरीराच्या आतूनच विखरून जातं. बाहेर एप्रन बांधून ते अडत नाही. घामानं भिजणाऱ्यावर छत्री धरावी तसंच ते. 2019 मध्ये अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेनं पोटावर एप्रन घालायची सरसकट पद्धत सोडा असंच सांगितलं. तरी मी घालते. बाईला बरं वाटतं, आणि बरं वाटण्यात किरणं नसतात.

माझ्या स्वतःच्या वेळी सासूबाईंनी नोकरी सोड म्हणून धोशा लावला होता. काम करणाऱ्या बाईनं गरोदर असल्याचं कळवलं, की उरलेल्या महिन्यांत बाळाला एक मिलिसिव्हर्टपेक्षा जास्त जाता कामा नये, असा आताचा अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम आहे. मी रोज जाडजूड भिंतीमागून बटण दाबत होते. बॅज दर तीन महिन्यांनी मोजायला जायचा आणि रिपोर्ट नेहमीसारखाच यायचा, नोंद घेण्यासारखं काही नाही. मी तो रिपोर्ट सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांना मिलिसिव्हर्ट कळला नाही, पण कागदावर आकडा आहे आणि कुणीतरी तो मोजतंय, एवढ्यानं त्यांचं निम्मं समाधान झालं. उरलेलं निम्मं त्यांनी दृष्ट काढून केलं.

आमच्या सीटीच्या कन्सोलवर प्रत्येक पेशंटच्या तपासणीनंतर डोसचा आकडा येतो. नव्या डिजिटल एक्स-रे मशीनवरही येतो. त्यावरून बाळापर्यंत किती गेलं याचा अंदाज भौतिकशास्त्राच्या जाणकाराला काढता येतो. मी सरांना विचारलं, की गरोदर बाईच्या रिपोर्टखाली तेवढी एक ओळ छापायला काय हरकत आहे. मिळालेला डोस इतका, 50 च्या इतका खाली. सर तयार झाले. मालक म्हणाले, आकडे बघून पेशंट घाबरतील, आणि आपल्याकडे पाठवणारे डॉक्टर नाराज होतील. तूर्तास ती ओळ मी हातानं लिहिते, मराठीत किंवा कन्नडमध्ये, जिला जे वाचता येतं त्यात, आणि खाली सर सही करतात.